शिबिर झालं, आता फोन वाजतायत: लॉ कॉलेजच्या न्याय-गटासाठी

प्रश्न: मी पाच वर्षांच्या लॉ कोर्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही कॉलेजात सामाजिक आणि आर्थिक न्यायासाठी काम करणारा गट सुरू केला. व्हॉट्सॲपवर साठेक जण आहेत, प्रत्यक्ष काम करणारे सहा-सात. गेल्या महिन्यात जवळच्या वस्तीत शिबिर घेतलं. चाळीसेक लोक कागद घेऊन आले आणि आता रोज कोणाचा तरी फोन येतो. काय सांगायचं कळत नाही. तोंडावर सेमिस्टर परीक्षा आहे. गटातल्या काहींना जनहित याचिका करायची आहे, काहींना संस्था रजिस्टर करायची आहे, आणि प्राचार्य म्हणतात, "राजकारण नको." सुरुवात कुठून करावी?

उत्तर: याचिका, रजिस्ट्रेशन, प्राचार्य हे तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि फोनचं मात्र दोन वाक्यांत उरकलंत. आमच्या मते क्रम उलटा हवा. तुमच्याकडे ज्यांचे कागद आहेत त्यांतल्या एखाद्याची मुदत याच आठवड्यात संपत असेल. बाकीचं महिनाभर थांबलं तरी बिघडत नाही.

तेव्हा आधी चाळीस नावं सहा जणांत वाटून घ्या आणि प्रत्येकाला फोन करा. कोणाचं मूळ रेशनकार्ड, करारपत्र, समन्स तुमच्याकडे राहिलं असेल तर झेरॉक्स काढून मूळ प्रत परत द्या आणि परत मिळाल्याची सही घ्या. मूळ कागद ठेवून घेणं ही विद्यार्थी गटांची सगळ्यांत महागात पडणारी सवय आहे. समन्स हॉस्टेलच्या कपाटात राहिलं की माणूस तारखेला हजर राहत नाही आणि त्याच्या माघारी एकतर्फी हुकूम होतो. मग तो रद्द करून घ्यायला वेगळा अर्ज, वेगळा खर्च.

फोनवर पहिला प्रश्न एकच: कागदावर तारीख काय आहे आणि तो हातात कधी पडला? कहाणी नंतर ऐका. मुदती किती वेगवेगळ्या असतात ते बघा. चेक परत आला असेल तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस जायला हवी. माहिती अधिकारातल्या पहिल्या अपिलालाही 30 दिवस. ग्राहक तक्रारीला 2 वर्षं. मोटार अपघाताच्या दाव्याला 2019 च्या दुरुस्तीने 6 महिन्यांची मुदत घातली, आणि हे अनेकांना अजून माहीत नाही. "अपघाताच्या दाव्याला मुदत नसते" असं सांगणारे आजही भेटतात. घर रिकामं करण्याची किंवा बांधकाम पाडण्याची नोटीस असेल तर तिच्यावरच दिवस लिहिलेले असतात, आणि ते बहुधा थोडेच असतात.

उत्तरं आली की तीन गठ्ठे होतील. तारीख चालू असलेली प्रकरणं त्याच दिवशी वकिलाकडे गेली पाहिजेत. दुसरा गठ्ठा अर्जांचा: दाखला, नोंदणी, पेन्शन, रेशन. त्यांना तुम्ही स्वतः हात घालू शकता. तिसऱ्या गठ्ठ्यात भावाभावांच्या जमिनीच्या वाटण्या, वीस वर्षं जुने दिवाणी दावे. त्यांत तुमचं काही काम नाही. हे त्यांना स्पष्ट सांगा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा (गरजूंना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेचा) पत्ता आणि 15100 हा मोफत हेल्पलाइन क्रमांक द्या. "बघतो" म्हणणं हे "नाही" म्हणण्यापेक्षा वाईट, कारण "बघतो" ऐकून माणूस दुसरीकडे जायचा थांबतो.

आता तुमच्या अधिकाराची हद्द. ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 प्रमाणे वकिली फक्त सनद, म्हणजे बार कौन्सिलचा वकिलीचा परवाना, असलेल्या वकिलाने करायची. सनद नसताना कोर्टात वकिली केली तर कलम 45 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद आहे. आणि वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं नव्हे; सल्ला देणं, मसुदा करणं हेही त्यात येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ए. के. बालाजी प्रकरणात 2018 मध्ये स्पष्ट केलं. ते प्रकरण परदेशी लॉ फर्म्सचं होतं, पण तत्त्व तुम्हालाही लागू पडतं. कॉलेजच्या लेटरहेडवर "आमच्या अशिलाच्या वतीने" असं पत्र पाठवलंत तर समोरचा वकील पहिला हल्ला तुमच्यावरच करील. त्याऐवजी अर्जदाराच्या स्वतःच्या नावाने, प्रथमपुरुषी, त्याच्या सहीचं साधं पत्र लिहा. मागणी करण्याचा हक्क त्याचाच आहे, तुम्ही फक्त लिहायला मदत केली.

यात एक मेख आहे. "आमचे सर आहेत ना मार्गदर्शनाला," असं बहुतेक गट म्हणतात. पण पूर्णवेळ पगारी नोकरीत असलेल्या माणसाला बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे प्रॅक्टिस करता येत नाही, आणि पूर्णवेळ प्राध्यापक त्यातच येतात. सर प्रभारी असू शकतात, वकीलपत्रावर सही करू शकत नाहीत. म्हणून प्रॅक्टिस करणारा एक तरी वकील गटाला जोडलेला हवा. याला आणखी एक कारण आहे. अशिलाने वकिलाला सांगितलेलं गुप्त ठेवण्याचं संरक्षण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे. ते वकिलाला आणि त्याच्या कारकुनाला, कर्मचाऱ्याला, दुभाष्याला मिळतं. नुसत्या विद्यार्थ्याला नाही. उद्या कोर्टाने तुमची वही मागवली तर ती द्यावी लागेल. वकिलाच्या देखरेखीखाली, त्याच्या कामाचा भाग म्हणून नोंदी ठेवल्यात तर निदान बाजू मांडायला जागा राहते.

वकील कुठून आणायचा? जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. तिथल्या सचिवांना एक पानी पत्र द्या. कॉलेजचं नाव, प्रभारी प्राध्यापक, कोणती वस्ती, आठवड्यातला कोणता दिवस, आणि मागणी एकच: महिन्यातून दोनदा एक पॅनेल वकील (प्राधिकरणाच्या यादीतला वकील) दोन तास येऊन बसावा. लॉ कॉलेजांमध्ये विधी सेवा केंद्रं असावीत हे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 मध्येच लिहिलं आहे, आणि राष्ट्रीय प्राधिकरणाचे 2011 चे विनियम त्यासाठीच आहेत. तेव्हा तुम्ही काही मेहेरबानी मागत नाही. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. आठ दिवसांनी समक्ष जाऊन विचारा. फोनवर हे काम होत नाही.

मोफत वकील कोणाला मिळतो ते गटातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं. त्याच 1987 च्या अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली माणसं यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, पण तिथेही तहसीलदाराच्या दाखल्यावाचून अडायचं कारण नाही; अर्जदाराचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, असं कलम 13 म्हणतं. पॅनेल वकिलाने अशिलाकडून पैसे घ्यायचे नसतात. मागितले तर सचिवांकडे लेखी तक्रार करा. आणि लोकअदालतीत कोणाला नेताना एक गोष्ट आधी सांगा: तिथल्या तडजोडीवर अपील नाही. "लवकर सुटतं" एवढंच ऐकून माणसं सही करतात आणि महिन्याने तुमच्याकडे परत येतात.

पुढची गोष्ट कोणी शिकवत नाही, पण वस्तीत काम करायचं तर ती पहिल्या दिवशी माहीत हवी. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुम्हाला कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलेली गरोदर मुलगी रेशनकार्डात नाव घालायला आली तरी प्रश्न तोच. म्हणून "इथं सांगितलेलं कुठेही जाणार नाही" असं वचन सरसकट कोणालाही देऊ नका. बोलणं सुरू होण्याआधी मर्यादा सांगा, आणि अशी वेळ आली तर त्याच तासाला प्रभारी प्राध्यापक आणि वकिलाला फोन करा. एकट्याने निर्णय घेऊ नका.

आता गटाचं मूळ दुखणं. "सामाजिक आणि आर्थिक न्याय" हा विषय सहा माणसांना पुरा पडण्याजोगा नाही. वर्षभरासाठी एकच प्रश्न धरा, आणि तो भाषणात कसा दिसतो ते न बघता त्यातल्या किती पायऱ्या तुम्ही स्वतः चढू शकता ते बघा. वस्तीत आधीपासून काम करणारी युनियन किंवा संघटना असेल तर तिच्याकडे जा आणि तिला काय हवंय ते विचारा. पुण्यातल्या कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून आहे; हमाल पंचायत त्याहून कितीतरी जुनी. अशा संघटनांना वकिलांपेक्षा फॉर्म नीट भरणारी आणि पुन्हा पुन्हा खेटे घालणारी माणसं कमी पडतात.

उदाहरणादाखल बांधकाम मजुरांची नोंदणी घ्या. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे बांधकाम खर्चावरच्या उपकरातून पैसा येतो. मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, मृत्यूनंतर वारसाला मदत मिळते, पण नोंदणी असेल तरच. अट साधी दिसते: वय 18 ते 60 आणि मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र. घोडं अडतं ते या 90 दिवसांवर. नाक्यावर उभा राहणारा मजूर एका ठेकेदाराकडे चार दिवस, दुसऱ्याकडे आठ दिवस असतो. ठेकेदार सही देत नाही, कारण सही दिली की हा माणूस आपल्याकडे होता हे कबूल होतं. ग्रामसेवक किंवा नगरपालिकेच्या अधिकाऱ्याकडूनही प्रमाणपत्र घेता येतं, पण तेही पुराव्याशिवाय देत नाहीत. ही फट दलालांनी बरोबर हेरली आहे. पैसे घेऊन खोटं प्रमाणपत्र देतात आणि तपासणीत सापडलं की नोंदणी मजुराची जाते.

यात गटाने करायचं काम म्हणजे प्रत्येक मजुराला हजेरीची छोटी वही देणं. तारीख, जागा, ठेकेदाराचं नाव आणि फोन, काम काय, मजुरी किती ठरली, किती मिळाली. मजुराला फक्त "पप्पू शेठ" माहीत असतो. जागेवरच्या फलकाचा फोटो काढायला सांगा. त्यावर विकासकाचं नाव, परवानगीचा क्रमांक असतो आणि प्रकल्प नोंदणीकृत असेल तर महारेराचा (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा) क्रमांक मिळतो, त्यावरून कंपनीचं पूर्ण नाव आणि पत्ता निघतो. हीच वही पुढे मजुरी बुडाल्यावर उपयोगी पडते. ठेकेदाराने पैसे बुडवले तर मूळ मालकावर जबाबदारी येते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं, नव्या कामगार संहितांमध्येही आहे.

नोंदणीचे अर्ज फेटाळले जाण्याचं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत सामान्य कारण म्हणजे नाव. आधारवर "सुनिता बाळू", बँकेच्या पासबुकात "सुनीता बाळासाहेब", रेशनकार्डात माहेरचं आडनाव. अर्ज भरण्याआधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नाव, जन्मतारीख, पत्ता बोट ठेवून ताडून बघा. फरक असेल तर आधी आधार नीट करून घ्या, मग बँक, मग अर्ज. उलट क्रमाने गेलात तर तेच काम दोनदा. शासकीय दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र लागलं आणि कोणी स्टॅम्पपेपर आणायला सांगितलं तर थांबा. अशा प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं, तरी लोकांकडून 500 रुपयांचे स्टॅम्प आणवले जातात. नोंदणी झाल्यावर पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाची तारीख तुमच्या रजिस्टरात हवी, कारण नोंदणी झालेल्यांपैकी बरेच जण नूतनीकरण चुकल्यामुळेच लाभातून बाहेर पडतात.

पत्रकं छापण्याची घाई करू नका. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून आली, फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं जुनं कलम 125 आता नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालं. कामगार कायद्यांच्या चार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. जुन्या किमान वेतन कायद्यात दाव्याला 6 महिनेच होते, वेतन संहितेत 3 वर्षं आहेत. जुनं पत्रक वाचून "मुदत गेली" असं समजून घरी बसलेला मजूर तुमच्या चुकीमुळे घरी बसलेला असेल. प्रत्येक पत्रकावर छापल्याची तारीख आणि तपासणाऱ्या वकिलाची आद्याक्षरं टाका. सहा महिने झाले की ते पुन्हा तपासून घ्या, तोवर वाटू नका.

आलेल्या माणसाशी पहिली भेट कशी घ्यायची, यावर गटाने एक पूर्ण रविवार घालवावा. दोघांनी बसायचं: एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. सुरुवातीची पाच मिनिटं लिहिणाऱ्यानेही पेन खाली ठेवायचं. नवरा किंवा सासरा बाईच्या वतीने बोलत असेल तर "फॉर्मवर सही घ्यायची आहे" म्हणून तिला वेगळं बसवा. फॉर्ममध्ये एवढं हवंच: समोरचा पक्ष कोण, याआधी कोणाकडे गेला होतात, कोणाला पैसे दिलेत, कोणत्या कागदावर सही केलीत, आणि यातून तुम्हाला काय व्हायला हवंय? शेवटचा प्रश्न विद्यार्थी विसरतात. बाईला नवऱ्याकडून पोटगी नको असते, शाळेचा दाखला नवऱ्याच्या ताब्यातून सोडवून हवा असतो, आणि तुम्ही मात्र दोन तास कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा वाचत बसता.

समोरच्या पक्षाचं नाव रजिस्टरात आधीच आहे का, ते लगेच बघा. एकाच वस्तीत काम करताना घरमालक सोमवारी आणि भाडेकरू शुक्रवारी येतो. दोघांचं काम घेता येत नाही. जो आधी आला त्याचं घ्यायचं आणि दुसऱ्याला काहीही न ऐकता प्राधिकरणाकडे पाठवायचं. ऐकून मग पाठवलंत तर उपयोग नाही, कारण त्याची बाजू तुम्हाला कळलेली असते.

त्या दिवशी सल्ला देऊ नका. "आज ऐकून घेतलं, वकिलांना विचारून गुरुवारी सांगतो," आणि गुरुवारी खरंच सांगायचं. निघताना हातात मराठीत लिहिलेली चिठ्ठी द्या: पुढची तारीख, कोणते कागद आणायचे, आम्ही काय करणार आणि काय करणार नाही. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. कागदांचे फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, वस्तीतल्या माणसांचे फोटो कॉलेजच्या इन्स्टाग्रामवर तर नाहीच. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि फोटोतल्या वीस बायकांपैकी ती कोण ते तुम्हाला माहीत नसतं.

माहितीचा अधिकार हे विद्यार्थ्यांच्या हातातलं खरं हत्यार. त्याला सनद लागत नाही. महाराष्ट्रात अर्जाला 10 रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला तीही नाही, पहिल्या अपिलाला 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द, असा इथला नियम आहे. "आमच्या वस्तीत पाणी का येत नाही?" असं विचारलं की उत्तर येत नाही, कारण "का" हा प्रश्न माहिती नसून मत मागतो. "वॉर्ड अमुकमध्ये 1 एप्रिल ते 31 मार्च या काळात पाइपलाइन दुरुस्तीवर झालेल्या खर्चाच्या कार्यादेशांच्या प्रती" असं मागा. 30 दिवस मोजा, एकतिसाव्या दिवशी अपील तयार ठेवा. चुकीच्या ऑफिसात गेला म्हणून अर्ज परत करता येत नाही, तो त्यांनीच 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. कलम 6(3) काउंटरवर दाखवता आलं पाहिजे. अर्ज करताना वस्तीतल्या माणसाचं नाव टाकायचं की विद्यार्थ्याचं, हे मात्र विचार करून ठरवा. ठेकेदाराला अर्जदाराचं नाव कळायला वेळ लागत नाही, आणि विद्यार्थी त्या वस्तीत राहत नसतो.

याचिकेबद्दल. गटातल्या मित्रांचा उत्साह समजतो, पण त्यांना दोन निकाल मुळातून वाचायला द्या. पहिला, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या (एशियाड) बांधकामांवरच्या मजुरांचं 1982 चं प्रकरण, ज्यात किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणं ही वेठबिगारी ठरली. ते न्यायालयात गेलं तेव्हा त्यामागे तीन समाजशास्त्रज्ञांनी जागेवर जाऊन केलेली पाहणी होती. म्हणजे आधी वह्या, मग याचिका. दुसरा, मुंबईच्या पदपथवासीयांचा ओल्गा टेलिस निकाल, 1985. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्यात प्रस्थापित झालं, आपण तो परीक्षेत त्यासाठीच लिहितो. पण झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकार त्याच निकालाने कायम ठेवला, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितलं. ज्यांच्या नावाने याचिका होते त्यांना हा धोका आधी समजावून सांगितला पाहिजे. हरलेली याचिका पुढच्या प्रत्येक अर्जात समोरून दाखवली जाते. तुमच्याकडे एकाच प्रश्नाची शंभरेक नीट भरलेली प्रकरणं आणि त्यांवर मिळालेली लेखी उत्तरं जमली, की एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे जा. तोवर नाही.

संस्था रजिस्टर करू नका. सोसायटीला सात सभासद सहज मिळतील, पण महाराष्ट्रात ती सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदते. दरवर्षी ऑडिट, आणि विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट. तुमचे विश्वस्त दर वर्षी पास होऊन जाणार. मंजूर न झालेल्या चेंज रिपोर्टांची फाइल आणि बँकेत अडकलेले पैसे एवढंच पुढच्या बॅचच्या वाट्याला येतं. कॉलेजच्या खात्यात गटासाठी वेगळं शीर्ष मागा. झेरॉक्स, तिकिटं, फोनचा रिचार्ज, वह्या. यापलीकडे खर्च नाहीच. अशिलाचे पैसे हातात घेऊ नका, दहा रुपयांचा स्टॅम्पही त्यालाच विकत घेऊ द्या. तसंच कोणाला उसने देऊ नका, कितीही पोटतिडीक वाटली तरी.

प्राचार्यांची भीती अगदीच निराधार नाही. वस्तीत शिबिर म्हटलं की नगरसेवक मंडप आणि चहा द्यायला तयार असतात आणि मागे फ्लेक्स त्यांचा लागतो. मंडप घेऊ नका, महापालिकेच्या शाळेची खोली मागा. निवडणुकीच्या आचारसंहितेत शिबिर नको. पण कॉलेजने विधी सहाय्य केंद्र चालवावं, हा बार कौन्सिलच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांतच घातलेला भाग आहे: ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली, अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी, विधी सेवा प्राधिकरणाच्या सहकार्याने. हा उतारा पत्राला जोडा. "अंतिम वर्ष" हा शब्द तुम्हालाही लागू आहे, तेव्हा वरच्या वर्गातले दोघं-तिघं गटात नसतील तर आधी ते मिळवा. पत्रात तीनच गोष्टी मागा: खोली, प्रभारी, आणि दर तीन महिन्यांनी एक पानी अहवाल देण्याची परवानगी. अहवालात नावं नकोत, फक्त किती आले, किती अर्ज गेले, किती निकाली निघाले. (राज्यघटनेच्या उद्देशिकेत सामाजिक आणि आर्थिक न्यायाच्या जोडीला "राजनैतिक" हाही शब्द आहे, पण तो मुद्दा प्राचार्यांच्या केबिनमध्ये काढू नका.)

साठ जणांच्या यादीचा मोह सोडा. बारा पुरेत. दोघांची एक जोडी, एका जोडीकडे एका वेळी पाचच्या वर चालू प्रकरणं नाहीत. सहाव्या माणसाला तारीख पुढची. जोडीतला एक तरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा हवा, म्हणजे वरचा बाहेर पडला तरी फाइल ओळखणारं कोणी राहतं. वस्तीची बोली येणारा प्रत्येक जोडीत असावा. इंग्रजी ड्राफ्टिंग उत्तम येणारा नसला तरी चालतो, ते काम वकील करतो.

परीक्षेच्या आधी सहा आठवडे नवीन प्रकरणं घेणं बंद, आणि तसा बोर्ड खोलीबाहेर आणि वस्तीत. जुन्यांच्या तारखा मात्र परीक्षेतही चालू राहतात. त्यासाठी परीक्षा नसलेल्या वर्षातले दोघं आणि एक वकील यांची नावं रजिस्टराच्या पहिल्या पानावर हवीत. रजिस्टर कागदी, पानांवर क्रमांक छापलेलं. रकाने थोडे: क्रमांक, नाव, विषय, पुढची तारीख, जबाबदार जोडी, शेवटचं काय झालं. दर सोमवारी कोणी तरी "पुढची तारीख" हा रकाना वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचायचा. त्यात रिकामी चौकट सापडली की त्या दिवशी दुसरं काम नाही.

मे महिन्यात शेवटच्या वर्षाची मुलं जाण्याआधी प्रत्येक चालू फाइलच्या वर एक पान लावून घ्या: माणूस कोण, त्याला काय हवंय, काय झालं, पुढे काय, कोणत्या तारखेआधी. आणि त्या माणसाला नव्या जोडीची समक्ष ओळख करून द्या. नुसता नंबर दिला तर तो जुन्याच ताईला फोन करत राहतो आणि ताई दुसऱ्या शहरात नोकरीला लागलेली असते. आत्ता येणारे फोन तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर येत असतील. कॉलेजच्या नावावर एक सिम आणि साधा हँडसेट घ्या, तो केंद्राच्या खोलीत ठेवा, उचलण्याची वेळ संध्याकाळी पाच ते सात ठरवा, आणि चाळीस जणांना फोन कराल तेव्हा हाच नंबर लिहून घ्यायला सांगा.